उपरण्याखालचं मत

मिरची बाजाराचा वॉर्ड म्हणजे शेठची घरचीच खुर्ची. म्हातारे शेठ वारले, नगरपालिकेतली जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणूक लागायच्या आधीच थोरल्या मुलाने, म्हणजे नव्या शेठने, हार घालून घेतले. मी त्याच्याकडे एवढंच सांगायला गेलो होतो, की आमच्या गल्लीच्या विहिरीत गाळ साचलाय, बायकांच्या घागरीत चिखल येतो. तो हसला. म्हणाला, "काढू रे! तुमची मतं कुठं पळून चाललीत?"

झालं, माझं डोकंच फिरलं. हातातला सदरा शिवणयंत्रावर तसाच टाकून मी तडक जाऊन अर्ज भरला. अख्ख्या नंदुरबारात हसू. बायको म्हणाली, "तुमले कोन मत दी?"

तिचं खरंच होतं. तेव्हाची रीत अशी, की ज्याला लिहिता येत नाही, त्याने मतदान घेणाऱ्या साहेबाला तोंडाने नाव सांगायचं आणि साहेबाने कागदावर खूण करायची. शेजारी शेठचा मुनीम कान टवकारून बसलेला. दलाल, मापाडी, सगळ्यांची चूल शेठच्या पेढीवर पेटायची. माझं नाव घेणार कोण?

मतदानाच्या दिवशी सकाळभर शेठ, शेठ आणि शेठ. मी कोपऱ्यात बसून घाम पुसत होतो. मग एक म्हातारा दलाल आला. साहेबाने विचारलं, "कुणाला?" त्याने खांद्यावरचं उपरणं साहेबाच्या हातावर टाकलं आणि खाली हात घालून बोटं दाबली. मिरचीचा भाव जन्मभर त्याने असाच सांगितलेला, चारचौघांत कधी बोलून नाही. साहेब पुण्याकडचा, लाच समजून ताडकन उठला!

"बसा सायेब," म्हातारा म्हणाला. "एक बोट शेठ, दोन बोटं शिंपी."

साहेब आधी चमकला, मग हसून त्याने हात पुढे केला. मुनीम ओरडला, "हे चालणार नाही!"

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "तुम्हनी पेढीवर तं रोज चालस!"

मग काय, जो येई तो उपरणं काढी. मला तर रडूच आलं.

शेठ निवडून आला, येणारच होता. पण मला पडलेल्या मतांचा आकडा ऐकून त्याचा चेहरा पार उतरला. आठवडा उलटायच्या आत आमच्या विहिरीत माणसं उतरली आणि काठावर धोतर खोचून शेठ स्वतः उभा. बायकोने नितळ पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला.

"पडनात तेच बरं व्हयनं," ती म्हणाली. निवडून आलो असतो तर मी अजून विहिरीसाठी नगरपालिकेत नुसते अर्जच खरडत बसलो असतो, हे ती ओळखून होती. रागावावं म्हटलं, पण पाणी फार गोड लागलं.