नागपूर दीड तासावर

"विमानाने दीड तास गं काकी, फक्त दीड तास!" आठवडाभर मी हेच सांगत होतो. तिकीट मीच काढलेलं. आमची सखूकाकी मानपाड्याची, साठी उलटलेली, पण तिने दारातून हाक मारली की नाक्यावरची रिक्षा थांबते. गावातलं कुणीही लांब निघू दे, दुबईला नाहीतर हॉस्पिटलात, काकी नारळ घेऊन सोडायला हजर.

तिच्या करिश्माचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टर प्रवास नको म्हणाले, म्हणून ते सासरी नागपुरातच झालं. बारसं आमच्या विमानाच्या दुसऱ्या दिवशी होतं. करिश्मा फोनवर रडलेली, "आई, माझ्याकडचं कुणीच नाही गं इथे." काकीला पोचायचंच होतं. आमच्यातला पाळणा तिच्याशिवाय गाणार कोण?

निघायच्या दुपारी बघतो तर दारात तीन गाड्या! काकीने जन्मभर सगळ्यांना सोडलं, म्हणून आता तिला सोडायला अख्खी आळी. अरे, विमानतळावर चाललोय की वरातीत? मी बोंबलतोय, ऐकतंय कोण! आधी गावदेवीला नारळ झाला. मग शीळफाट्याला तिच्या बहिणीचं, रंगूमावशीचं घर आलं, तर काकी म्हणते, "थांबव."

"काकी, विमान थांबत नाही!"

"बाबू, बयनीचा दार सोरून कशी जाव? ती मना काय बोलंल?"

मावशीने चहा टाकला, भाकऱ्या आणि सुकट बांधली आणि स्वतःही गाडीत बसली. उरलीसुरली हौस ट्रॅफिकने फेडली. पोचलो तेव्हा काउंटर बंद झालेलं, आणि पुढच्या विमानांत जागाच नाही. काकी तिथेच मटकन बसली. तिचा आवाज बसलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "घ्या, झालं का सगळ्यांचं सोडून?" मी खेकसलो, आणि लगेच मला वाईट वाटलं.

काळुरामकाका, म्हणजे तिचा नवरा, एरवी तोंड उघडेल तर शपथ. तो म्हणाला, "गारी हाय ना? मंग?"

"काका, सातशे किलोमीटर!"

"मंग काय झाला?"

आम्ही समृद्धी महामार्गाला लागलो. सोडायला आलेल्यांतला एकही माणूस परत फिरला नाही. ओल्या बाळंतिणीच्या जिवाला घोर नको म्हणून जावयाला फक्त कळवलं, काकी उद्या सकाळी येते. रस्ताभर बायका गात होत्या, सुकट खाऊन पाणी मागत होत्या आणि दर टोलनाक्याला विचारत होत्या, "आलं का नागपूर?" मी चिडायचंसुद्धा विसरलो.

सकाळी जावयाने दार उघडलं आणि तो तसाच उभा राहिला. मागून करिश्मा बाळाला घेऊन आली. तिला आधी आई दिसली, मग मावशी, मग जिन्यापर्यंत उभी असलेली आळी.

"अगं, एवढी सगळी कशी आलात?"

"विमान चुकला गं बाय," काकी ओशाळून म्हणाली.

करिश्माने बाळ तिच्या हातात दिलं आणि तिच्या गळ्यात पडून हुंदके देत हसली. "बरं झालं चुकलं!"