अत्तार मॅडमनी न खाल्लेला पेढा

अत्तार मॅडम नसत्या, तर मी पुण्यात टिकलो नसतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. शाळा करमाळ्याला झाली, कॉलेज कसंबसं पार पडलं आणि पुण्यात एका सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. तिथे मला मॅडमच्या शेजारची खुर्ची मिळाली. त्यांची एक सवय पहिल्याच दिवशी लक्षात आली. कोणाचाही प्रोग्रॅम वाचताना त्या मध्येच एखाद्या ओळीवर बोट ठेवत आणि विचारत, "ही ओळ चालू आहे, तेव्हा दुसरा कुठे आहे?"

संगणकात एका वेळी अनेक कामं चालू असतात. दोन कामांनी एकाच वस्तूला हात घातला की कोण आधी पोचलं यावर निकाल बदलतो. शंभरदा बरोबर येतो आणि एकदा सगळं कोसळतं. ही चूक शोधायला फार अवघड, कारण बघायला जावं तर सगळं सुरळीत चाललेलं असतं. मॅडमची सगळी नोकरी अशा चुका शोधण्यात गेली होती. त्यामुळे कँटीनमध्ये कोणी कोणाची तक्रार सांगायला लागलं तरी त्या शांतपणे विचारायच्या, "आणि तेव्हा तो कुठे होता?" निम्म्या तक्रारी तिथेच संपायच्या.

त्यांच्या घरचं रविवार पेठेत अत्तराचं जुनं दुकान होतं. लहानपणी सुट्टीत त्या गल्ल्यामागे बसत. वडिलांची शिस्त अशी की बाटली हातात आल्याशिवाय गिऱ्हाइकाला 'आहे' म्हणायचं नाही. फळीवर दिसली म्हणून 'आहे' म्हणावं, तर तेवढ्यात काउंटरच्या दुसऱ्या टोकाला काकांनी ती विकलेली असायची. "बघणं आणि धरणं यांच्यामध्ये जग बदलतं," असं मॅडम म्हणायच्या. हे त्या कुठल्याही पुस्तकात शिकल्या नव्हत्या, दुकानात शिकल्या होत्या, आणि तसं सांगताना त्यांना अभिमान वाटायचा.

आम्हा नवख्यांनाही त्या 'अहो' म्हणत. इंग्रजीत बोलताना मी अडखळायचो, म्हणून मीटिंगमध्ये गप्प बसायचो. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आधी मराठीत समजावा. मी म्हणालो, इथे मराठीत कोण ऐकणार? त्या म्हणाल्या, "मी बसलेय ना. मराठीत जमलं नाही, तर इंग्रजीत तुम्ही नुसतं झाकणार."

मग ते प्रकरण आलं. संगणकाची मेमरी छोट्या छोट्या पानांत विभागलेली असते. एखादं पान खराब झालं की तसा इशारा कर्नेलला मिळतो. कर्नेल म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारा मूळ प्रोग्रॅम. त्याने ते पान बाजूला काढायचं आणि पुन्हा कोणालाही द्यायचं नाही, असा नियम. आमच्या सर्व्हरवर हे क्वचित फसायचं. खराब पान भलत्याच कामाला दिलं जायचं आणि सर्व्हर बंद पडायचा. एका मोठ्या रुग्णालयाचे रिपोर्ट त्या सर्व्हरवर होते. त्यांच्याकडे तो ऐन कामाच्या वेळी दोनदा बंद पडला होता.

काम माझ्याकडे आलं. नक्की काय घडतं ते दिसावं म्हणून मी मध्ये एक ओळ टाकली. कर्नेल तिथे पोचला की तशी नोंद लॉगमध्ये व्हावी, एवढंच तिचं काम. आणि सर्व्हर पडायचा थांबला. आठवडाभर चाचण्या चालवल्या, एकदाही पडला नाही. आमचे मॅनेजर साने इतके खूश झाले की त्यांनी पेढे मागवले. ती ओळ तशीच ठेवून रुग्णालयाला पाठवून द्या, असं ठरलंही.

मॅडमनी पेढा घेतला नाही. "तुमच्या ओळीने दोघांपैकी एकाला उशीर केला," त्या मला म्हणाल्या. "म्हणून आज त्यांची गाठ पडत नाही. मशीन बदललं की पडेल. पेढा राहू दे. चूक गेली की खाते."

साने म्हणाले, "मॅडम, चाचण्या पास आहेत. गिऱ्हाईक वाट बघतंय."

"अहो साने, वाट बघणाऱ्याला चुकीच्या बसमध्ये बसवून द्यायचं नसतं."

त्यांच्या सहीशिवाय दुरुस्ती बाहेर जात नसे, आणि त्या सही करेनात. मला म्हणाल्या, तुम्हीच शोधून काढा आणि मला मराठीत सांगा. तेव्हा मी विश्रांतवाडीला कॉट बेसिसवर, म्हणजे अनेकांच्या खोलीत एका कॉटचं भाडं देऊन, राहत होतो. शेवटी चूक सापडली, आणि सांगायला तिथलंच उदाहरण सुचलं. घरमालक काका खोलीत येऊन बघतात की खिडकीकडून तिसरी कॉट मोडली आहे. 'वापरू नये' अशी पाटी आणायला ते खाली जातात. तेवढ्यात त्यांचा मुलगा कॉट इकडच्या तिकडे सरकवतो आणि त्यातली मोडकीच नेमकी नव्या भाडेकरूला देतो. काका येतात आणि खिडकीकडून तिसऱ्या कॉटवर पाटी लावतात. पाटी चांगल्या कॉटवर आणि माणूस मोडक्या कॉटवर.

मॅडम जोरात हसल्या. मग म्हणाल्या, "काकांनी काय करायला हवं होतं?"

मी म्हणालो, कॉटवर हात ठेवूनच पुन्हा बघायला हवं होतं, हीच ना ती. नसेल, तर पहिल्यापासून शोधायचं.

"म्हणजे बाटली हातात," त्या म्हणाल्या.

कर्नेल नेमका तिथेच चुकत होता. पान आधी बघत होता, मग धरत होता, आणि धरल्यावर पुन्हा बघत नव्हता. दुरुस्ती थोड्याच ओळींची झाली, पण तिला महिना लागला. त्या उशिरामुळे साने नाराज झाले. विभागाचं प्रमुखपद मॅडमना मिळणार असं सगळे धरून चालले होते, ते दुसऱ्याला गेलं. दुरुस्ती रुग्णालयात बसली, त्यानंतर तिथला सर्व्हर त्या कारणाने पुन्हा पडला नाही.

तो कर्नेल जगभर वापरला जातो आणि जगभरचे जाणकार मिळून तो सुधारतात, तेव्हा दुरुस्ती सगळ्यांसाठी पाठवा, आणि तुमच्या नावाने पाठवा, असं मॅडमनी बजावलं. मी पाठवली. परदेशातल्या जाणकारांनी सगळ्यांसमोर तिच्यात दोन चुका काढल्या. मला तोंड लपवावंसं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "त्यांनी वाचलं म्हणून चुका सापडल्या. न वाचणारे 'छान' म्हणतात." मी पुन्हा कामाला बसलो. ते काम संपायच्या आधीच त्यांनी नोकरी सोडली आणि लोणी काळभोरकडच्या एका कॉलेजात शिकवायला लागल्या. निरोपाच्या दिवशी साने उठून उभे राहिले. पण मूळ कर्नेलमधली चूक अजून गेली नव्हती, म्हणून मॅडमच्या हातात पेढा द्यायचं धाडस कोणालाच झालं नाही.

काही महिन्यांनी मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

"आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. आपली दुरुस्ती गेल्या आठवड्यात मूळ कर्नेलमध्ये स्वीकारली गेली. तुम्ही नको म्हणाला होता, तरी सुचवणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव घातलं आहे. पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. दुरुस्तीची ती नोंद कागदावर छापून करमाळ्याला नेली होती. आईला इंग्रजी वाचता येत नाही. मी दोन्ही नावांवर बोट ठेवून दाखवलं. ती म्हणाली, 'बाईंचं नाव वर हाय ना?' आहे, मॅडम. सुचवणाऱ्याचं वर आणि करणाऱ्याचं खाली.

सोबत पेढे पाठवत आहे. लॉगची ती ओळ काढून टाकली आहे. तरीही सर्व्हर पडत नाही. आता खायला हरकत नाही."