दोन अंगणवाड्या आणि एक भेदरा

आमच्या गावात अंगणवाड्या दोन. एक वरच्या टोलीत, दुसरी खालच्या टोलीत. आमचं घर नेमकं मधल्या बोरिंगजवळ. त्यामुळे पोरगी तीन वर्षांची झाली तशा दोन्हीकडच्या सेविका आमच्या दारात चहाला येऊ लागल्या. गावात लहान मुलं कमी आणि अंगणवाड्या दोन, मग एकेका पोराला भाव येणारच. लग्नाच्या वेळी मला पाहायला आले होते तेव्हासुद्धा माझा एवढा भाव नव्हता.

माझी काळजी मात्र वेगळी होती. आमची पोरगी घरात दिवसभर टकळी चालवते. म्हशीशी बोलते, ताटाशी बोलते, स्वतःच्या चपलेलाही रागावते. पण उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप. आंधळगावच्या बाजारात नाही, लग्नकार्यात नाही, डॉक्टरांपुढे नाही, कुठेच एक शब्द नाही. मुकी आहे का, असं एका बाईने तिच्यासमोरच विचारलं. जिथे पोरगी बोलेल ती अंगणवाडी, असं मी ठरवलं. आणि ती वरचीच असणार, हेही न बघताच ठरवून टाकलं.

वरची सेविका माझी चुलत नणंद. तिची अंगणवाडी खरोखर बघण्यासारखी. खाली टाइल्स, भिंतीवर ससा, हत्ती, आगगाडी, आणि काचेच्या कपाटात खेळणी. खेळणी इतकी नवी, की त्यांना अजून एकाही मुलाचा हात लागला नव्हता. किल्ली नणंदेच्या पदराला. मुलं खराब करतात ना, ती म्हणाली. मुलं हाताची घडी घालून ओळीत बसली होती. बाहेर आल्यावर सोबत आलेल्या सासूबाईंनी मला हळूच विचारलं, सगळी पोरं आजारी आहेत का.

खालची अंगणवाडी समाजमंदिरात भरते. धान निघालं की तिथे अर्ध्या खोलीत कुणाचे ना कुणाचे कट्टे, म्हणजे धानाची पोती, रचलेली असतात, आणि धान आलं की कोंबड्या आल्याच. आम्ही गेलो तेव्हा मुलं गोल करून बसली होती आणि कोंबड्या त्यांच्यातून फिरत होत्या. सेविका एका हाताने मोबाईलवर हजेरीचा फोटो काढत होती, दुसऱ्याने कोंबडी हाकलत होती. फोटोत शेवटी कोंबडीच तेवढी स्पष्ट आली.

"इथं पोरं नाही, कोंबड्या शिकतात," मी घरी येऊन जाहीर केलं. हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते नवऱ्याला, शेजारणीला आणि फोनवर सिहोऱ्याच्या बहिणीलाही ऐकवलं. सासूबाईंनी दोन्हीकडची खिचडी चाखली होती. वरची कोरडी आहे, खालची बरी आहे, शिकणं मग पाहू, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांचं मी कशाला ऐकते? मी बीए झालेली.

पोरगी वरच्या अंगणवाडीत जाऊ लागली. एके दिवशी मी दाराशी उभी होते. नणंदेने तक्त्यावरच्या लाल गोल चित्रावर पट्टी टेकवली आणि विचारलं, हे काय? आणि आमची पोरगी बोलली. हळूच, पण बोलली.

"भेदरा."

आमच्याकडे टोमॅटोला भेदराच म्हणतात. बाजारातही आणि चुलीपाशीही. नणंद स्वतः घरी भेदऱ्याचीच चटणी वाटते. पण दाराशी मी उभी आणि तिच्या हातात पट्टी.

"भेदरा नाही बेटा, टोमॅटो म्हणायचं," ती म्हणाली. बाकीची मुलं एका सुरात टोमॅटो ओरडली. पोरीने ओठ आत ओढून घेतले ते घेतलेच. दुसऱ्या दिवसापासून ती फाटकातच माझी ओढणी धरून बसू लागली.

"पोरगी भेदरली हाय," नणंदेने निदान केलं.

"भेदरली नाही ताई, टोमॅटोली हाय," मी म्हटलं.

नणंदेने माझ्याशी बोलणं सोडलं. म्हणजे आता घराण्यात न बोलणाऱ्या दोघी झाल्या.

मग नाइलाजाने खालची अंगणवाडी. मी पोरीला घेऊन कट्ट्यांना टेकून बसले. सेविका फरशीवर खडूने चित्र काढत होती, आणि चित्रकलेशी तिचं सात जन्मांचं वैर होतं. एक गोल काढला, त्याला दोन डोळे, वर चार रेघा. हा बेडूक, असं तिने सांगितलं. मुलांनी माना डोलावल्या, त्यांना तिच्या बेडकांची सवय असावी. मला वाटलं, झालं, इथेही काही खरं नाही.

तेवढ्यात पोरगी माझी ओढणी सोडून उठली. चित्रापाशी वाकून तिने नीट पाहिलं. एवढा अन्याय तिला सोसवला नाही.

"हा बेडूक नाही होय. भेदरा होय."

"भेदऱ्याले डोये असतेत का?" सेविका म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

"मंग तू कायले काढले?"

आणि नळ सुटला. आमचा भेदरा, आमची म्हैस, आजीचा पडलेला दात, सगळं बाहेर आलं. मी ऐकत होते. मग तिने एका कोंबडीकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माही आई म्हणते, इथं पोरं नाही, कोंबड्या शिकतात."

मी वळून कट्ट्यांकडे बघू लागले, जणू धानच घ्यायला आले होते. लाजेने मेल्यासारखं झालं होतं, आणि पोरगी बोलते आहे म्हणून डोळे भरून आले होते. ती थांबू नये असंही वाटत होतं आणि तिने लगेच थांबावं असंही.

सेविकेने खडू खाली ठेवला. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही.

"कोंबड्या तं रोज येतेत," ती पोरीला म्हणाली. "तू येशीन का?"

पोरीने खडू उचलला.

"येतो," ती म्हणाली. "पण बेडूक मी काढीन."