टेलचा नंबर पहिला

दत्तोबा पाटकऱ्यानं एकतीस वर्षं पाटाची दारं उघडली आणि बंद केली. फक्त एकदा बारा नंबरचं दार दुसऱ्याच्याच पाण्याच्या पाळीत उघडं सापडलं, आणि पाणी गेलं ते नेमकं त्याच्या मेव्हण्याच्या उसात. झालं, एकतीस वर्षांच्या चाकरीवर बोळा फिरला. सांगवीची नोकरी संपवून तो अंथुर्ण्याला घरी येऊन बसला तरी लोक विचारायचेच, "काय पाटकरी, मेव्हण्याचा ऊस काय म्हणतोय?" माणूस चारचौघांत हसून दाखवायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही.

शहाण्णव साली त्याच्या सुनेनं, स्वरूपानं, एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात कॉम्प्युटर मांडला. लग्नपत्रिका, पत्रकं, शाळेच्या याद्या, येईल ते ती टाईप करायची. मशीन एक आणि गिऱ्हाईकं आडमुठी. आपलं काम मशीनमध्ये उघडंच राहिलं पाहिजे, ही प्रत्येकाची अट. बंद केलं की नंबर गेला, असा अख्ख्या गावाचा पक्का समज. त्यामुळं सोपानच्या पोरीची पत्रिका उघडी, गोजरबाईच्या महिला मंडळाचं पत्रक उघडं, हायस्कूलची दहावीची यादीही उघडी. मग मशीन आतल्या आत खुरखुरत बसायचं आणि एक अक्षर उमटेपर्यंत चहा गार व्हायचा.

"त्याला झालंय तरी काय?" दत्तोबानं एकदा विचारलं.

"मामा, उघडलेलं प्रत्येक काम म्हणजे आत एक खोटं मशीनच असतं," स्वरूपा म्हणाली. "त्याला वाटतं, सगळी मेमरी आपल्याच बापाची. मेमरी तर एवढीशी. मग एकाचं सामान हार्ड डिस्कवर नेऊन टाकायचं आणि दुसऱ्याचं तिथनं उचलून आणायचं. डिस्क पडली हळू. सगळा वेळ ने-आण करण्यातच जातो."

दत्तोबा खुर्चीत ताठ झाला. रिटायर झाल्यापासून त्याला कळेल असं कुणी काही बोललंच नव्हतं. "अगं, ही तर आपली पाटाची चारी हाय. तीन दारं एकदम उघडली की पाणी चारी भिजवण्यातच मरतं, शेतात थेंब पोचत न्हाय. पाळी लाव. एका टायमाला एकच दार."

दुसऱ्या दिवशी लोकांची उघडी कामं बंद करायला लावून तो गाळ्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला. नियम पाटाचाच: टेलवाल्याला, म्हणजे पाटाच्या शेवटच्या शेताला, आधी. वरचा कधीबी पितो, शेवटचा कोरडा राहतो. म्हणून रांगेत जो शेवटी येईल त्याचं काम पहिलं.

दोन दिवसांत गाव शहाणं झालं. सोपान यायचा, रांगेत कोण आहे ते लांबूनच बघायचा आणि मागं सरकायचा. गोजरबाई रसवंतीच्या आड उभी राहायला लागली. "मी शेवटची हाय." "मग मी अजून आलोच न्हाय." असली भांडणं. दुकानात काळं कुत्रं फिरकेना, आणि बाहेर चाळीस माणसं शेवटून पहिली यायला टपलेली.

हे सगळं स्वरूपाच्या नवऱ्याला, राजवर्धनला, बघवेना. "दहावीची यादी शनिवारी चारच्या गाडीनं पुण्याला गेली पायजे," त्यानं बायकोला बजावलं. "न्हाय गेली तर मशीन विकून टाकतो. तू आपली घरी बस." स्वरूपाचा चेहरा उतरला. दत्तोबानं ते बघितलं.

शनिवारी साडेतीन वाजले. बाहेरच्यांपैकी कुणी आत येईना, त्यामुळं मशीनमध्ये हायस्कूलची यादी एकटी. आता खरं तर पळायला हवं होतं. तरी खुरखुर चालूच. दोनशे बारा पोरांपैकी चौदावं पोर अर्धं छापून प्रिंटर थांबलेला, आणि हेडमास्तर घाम पुसत उभे.

"मामा," स्वरूपा हळूच म्हणाली, "अजून एक दार उघडं आहे. तुमचं."

ते दत्तोबाचं पत्रक होतं. समस्त शेतकऱ्यांस उद्देशून, अकरा पानी, पाटाच्या सगळ्या दारांच्या नकाशासकट. बारा नंबरचं दार आपोआप कसं उघडलं याची त्यात कारणं होती: घूस, वावटळ, गंजलेली कडी आणि शेवटी एक रेडा. बुधवारपासून तो सांगत होता, सून टाईप करत होती. सेव्ह करू म्हटलं की तो अंगावर यायचा. "कपाटात गेलेली फाईल परत निघाल्याली मी उभ्या जन्मात बघितली न्हाय. ऱ्हाऊ दे उघडंच."

"आता तरी सेव्ह करू?"

"किती टाईम लागंल?"

"अशा हालतीत अर्धा तास तरी. गाडी चारला आहे."

दत्तोबानं घड्याळाकडे बघितलं. "बंद कर," तो म्हणाला.

"सगळं जाईल, मामा."

"जाऊ दे. पाटकऱ्याचंच दार उघडं ऱ्हायलंय, तर लोकास्नी पाळी कुठल्या तोंडानं सांगू?" आणि स्वरूपानं दाखवलेलं बटण त्यानं स्वतःच दाबलं.

मशीन गप्प झालं. मग प्रिंटर जो सुटला तो दोनशे बाराव्या पोरालाच थांबला. हेडमास्तर कागदाची लांबच लांब पट्टी काखेत मारून स्टँडकडे धावले आणि हलत्या गाडीत चढले. राजवर्धन दारातून हे बघत होता. मशीन विकायचं विसरून तो बायकोसाठी चहा सांगून आला.

"या मामा, पुन्हा सांगा," स्वरूपा म्हणाली. "मी टाईप करते."

पण दत्तोबा उठून बाहेर गेला आणि चाळीस माणसांच्या मागं जाऊन उभा राहिला. आता शेवटचा तोच. नियमच तसा. सोपाननं तोंड वाकडं करून वाट दिली.

आत येऊन तो बसला आणि सांगायला लागला. "बारा नंबरचं दार बंद करायचं मी इसरलो होतो. दत्तोबा."

स्वरूपा बोटं उचलून थांबली. "पुढं?"

"पुढं काय न्हाय. छाप. चाळीस काढ, माणसं भायेर उभीच हायती."