आज्याच्या नंदीला नवा रंग

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी एका प्रतिष्ठित माणसाला सागवानी फळीनं रक्तबंबाळ केलं. मला त्याचा आजही पश्चात्ताप होत नाही.

आमचं घर सुतारांचं, पवनारजवळच्या खेड्यातलं. तान्हा पोळा म्हणजे पोरांचा, लाकडी बैलांचा सण. त्यासाठी गावचा मालगुजार, म्हणजे जमीनदार, माझ्या आज्याकडून नंदी घडवून घ्यायचा आणि बदल्यात धान्य, धोतरजोडी द्यायचा. लोक त्याला मालगुजाराचा नंदी म्हणत. आज्याचं नाव कुणी घेत नसे. पुढे मालगुजाराच्या वारसांनी घर विकलं, तेव्हा उकिरड्यावर पडलेला तो नंदी बाबांनी खांद्यावरून घरी आणला.

गेल्या साली नागपूरचा एक संग्राहक आला. नंदी बघून हरखला, मोबाईलवर वीस फोटो काढले. काचेच्या कपाटात ठेवतो म्हणाला. बाबांची एकच अट होती, खाली आज्याचं नाव लिहायचं. तो कबूल झाला आणि पोळ्याच्या सुमारास न्यायला येतो म्हणाला.

आमच्याकडे पोळ्याला जुन्या रंगाचा नंदी कुणी दाराबाहेर काढत नाही. हा तर शहरात चाललेला. बाबांनी तीन दिवस खपून तो घासला, पांढराशुभ्र ऑइलपेंट दिला. शिंगांना बेगड मी चिकटवली.

संग्राहकानं ते बघितलं आणि सगळ्या आळीसमोर बाबांच्या थोबाडीत मारली. जुना रंग होता म्हणूनच त्याला किंमत होती, तुम्ही अडाणी लोकांनी सत्यानाश केला, असं ओरडत होता. बाबा हात जोडून रंग खरवडून देतो म्हणाले, तर त्यानं नंदीलाच लाथ घातली. पुढचा पाय काडकन मोडला.

माझं डोकं फिरलं. पहिला तडाखा त्याच्या कानशिलावर बसला, दुसरा पाठीत. तो गाडीकडे पळाला तशी मी गाडीची काच फोडली. गाडी गेली, तेव्हा बाबांनी माझी वेणी धरली आणि मलाच बडवायला लागले. ज्यांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं, ते थांबेचनात. ओठ फुटला माझा.

दमून ते खाली बसले. त्यानं तुम्हाला मारलं आणि तुम्ही मला मारता, असं मी रडत विचारलं.

"अजून दोन मारल्या असत्या, तं खाल्ल्या असत्या मी," बाबा म्हणाले. "माह्या बापाचं नाव तं लागलं असतं, पोरी."