गंधकाचा खडा

दिवाळीची झाडझूड करताना देव्हाऱ्यामागे कागदात गुंडाळलेला पिवळा खडा सापडला, आणि नुकत्याच ओढलेल्या आगकाडीसारखा वास आला. मी आंजीहून लग्न होऊन सासरी आले, तेव्हा घरात सदा कुजक्या अंड्यांचा वास असायचा. शेजारीच उसाच्या मळीपासून स्पिरिट काढायचा कारखाना, त्याच्या सांडपाण्यातून गॅस निघायचा. हे तिथेच कामाला होते. पंधरवड्यात माझी नवी जोडवी काळी पडली. नाचणगावहून आलेल्या नणंदेसमोर सासूबाई म्हणाल्या, "हिच्या बापानं चांदी खोटी देल्ली वाटते." बाबांनी वर्ध्याच्या सराफाकडे बसून ती पारखून घेतली होती. मी निऱ्या खाली ओढून पाय झाकत राहिले. पुढे कारखान्यात गॅस धुवायची टाकी बसली. एका संध्याकाळी यांनी डब्यातून हा खडा काढून आईपुढे ठेवला. "माय, चांदी खरीच हाय. गॅसातल्या ह्या गंधकानं ते काळी पडली. आता आमी गॅस धुऊन हे वेगळं काढतो, वाळवून पोत्यात भरतो." सासूबाईंनी खडा हुंगला, उलटसुलट करून पाहिला. मग दंतमंजनाची डबी घेऊन माझ्यापुढे बसल्या. "पाय दे इकडे." मी संकोचून मागे सरले, तर त्यांनीच पाय ओढून मांडीवर घेतला आणि जोडवी लखलखेपर्यंत चोळत राहिल्या. आता हवेला वास नाही, जोडवी पांढरीच राहतात, आणि माझा पाय मांडीवर ओढून घेणारं घरात कोणी उरलं नाही.