आतल्या खोलीतली डबी

आमचा पाडा बोरीवलीतच आहे, पण नॅशनल पार्कच्या हद्दीत, अगदी कडेला. दारात उभं राहिलं की टॉवर दिसतात आणि त्यांच्या अलीकडे आमचं भाताचं खाचर. घराची मागची भिंत टेकडीच्या खडकाला टेकलेली, जमीन मातीची. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. "मातीच्या जमिनीचं घर कोणाचं आहे?" असं फिजिक्सच्या मॅडमनी वर्गात विचारलं, तेव्हा हात वर करायला मला जरा वेळ लागला.

मॅडमनी एक लहानशी प्लास्टिकची डबी दिली. आत फिल्मचा तुकडा. तिने घरातला रेडॉन मोजतात. हा वायू खडकातून, मातीतून वर येतो, त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साठतो आणि वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मी डबी आतल्या खोलीत टांगली. त्या खोलीला खिडकी नाही. आई लग्न झाल्यापासून तिथेच झोपते.

तीन महिने डबी लटकत होती. आई भाजीच्या जुड्या बांधता बांधता विचारायची, "काय गं, घावला का तुझा गॅस?" शेजारची काकी म्हणायची, "अगं, नजर लागू नये म्हणून बांधलंय तिने. लिंबू-मिरची महाग झाली ना!"

डबी तपासायला दिली आणि मग ताई बाळंतपणाला आली. हॉस्पिटलमधून बाळ घेऊन आल्यावर आईने दोघांना आतल्या खोलीत ठेवलं. दाराला गोधडी लावली. सव्वा महिना वारा लागू द्यायचा नाही.

निकाल आला. प्रमाण जास्त होतं. त्या खोलीत ताईचं बाळ आहे, हे मी मॅडमना सांगितलं.

"घाबरू नकोस," मॅडम म्हणाल्या. "महिनाभर तिथे राहून बाळाला काही होत नाही. पण कायम तिथे कोणी झोपत असेल तर हवा खेळती पाहिजे. मागे खिडकी काढा. जमिनीला भेगा असतील तर कोबा करून घ्या."

मी मान हलवली. मागे खडक आहे आणि पार्कच्या हद्दीत परवानगीशिवाय सिमेंटची गोणी आणता येत नाही, हे मॅडमना कुठून माहीत असणार.

घरी येऊन मी गोधडी बाजूला केली. ताई ओरडली, "लाव गं ती! पोराला सर्दी झाली तर तू जागणार आहेस?"

"आई, तू तरी बाहेर झोप."

"आणि ओल्या बाळंतिणीला एकटी ठेवू? इतकी वर्षं झोपले, काय झालं मला?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने विचारलं, "येतो कुठून म्हणालीस?"

"जमिनीतून. भेगांमधून."

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर आई गुडघ्यांवर बसून आतली खोली सारवत होती. नेहमीपेक्षा जाड. पाळण्याखालच्या भेगेत ती बोटाने शेणमाती दाबत होती. भाजी विकायलाही गेली नव्हती.

"बघ, बुजवल्या सगळ्या. आता कुठून येईल?"

सारवण वाळलं की पुन्हा तडकतं, हे तिलाही माहीत आहे. आणि न तडकलं तरी त्याने वायू अडत नाही. मी सांगायला तोंड उघडलं. तिचे हात कोपरापर्यंत भरले होते.

"तो कोपरा राहिलाय," मी म्हटलं आणि दप्तर ठेवून तिच्या शेजारी बसले.